पोटशुळाची शस्त्रक्रिया तबेल्यात सुरू होते



 पशुवैद्यकांच्या या अधिवेशनात, फणसवाडीच्या सभागृहात, अध्यक्ष म्हणून घोड्याच्या आतड्यांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या. पण १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली ती कुलाबा ते पायधुणी, म्हणजे इथून चालत जाण्याच्या अंतरावर. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, तेव्हा हे शहर घोडे आणि बैलच ओढत होते. पुढे १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. तरी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, लग्नाच्या वरातीत आणि माथेरानच्या लाल मातीत घोडा आहेच. आणि जिथे घोडा, तिथे पोटशूळ.

या जनावराची घडणच अशी, की पोटाचं दुखणं जिवावर बेतावं. घोड्याला उलटी होत नाही. जठर तुंबलं तर फुटतं. लहान आतडं वीस मीटरच्या पुढे, लांब पडद्यावर लोंबकळणारं. मोठं आतडं घड्या घालून बसलेलं, पण बराचसा भाग मोकळाच. त्याला पीळ पडायला वेळ लागत नाही. ओटीपोटाजवळच्या वळणावर ते एकदम अरुंद होतं आणि सुका चारा तिथेच अडकतो. चंदी एकाएकी बदलली, पाणी कमी पडलं, दात झिजले, जंत वाढले, वाळूवर टाकलेला चारा खाल्ला, दिवसभर ठाणावर बांधून ठेवलं, ही नेहमीची कारणं. घोडा का अडला, याचं ‘न फिरवल्यामुळे’ हे शाळेत पाठ केलेलं उत्तर पोटशुळालाही बऱ्याच अंशी लागू पडतं.

बहुतेक घोडे वेदनाशामक, सलाइन, नाकातून घातलेली नळी आणि थोडा उपास एवढ्यावर बरे होतात. चाकूची गरज थोड्यांनाच. ते थोडे वेळेत ओळखायचे कसे, इथेच घोडं पेंड खातं. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असणारे हृदयाचे ठोके साठीच्या वर जाऊन तिथेच राहिले, नळीतून अनेक लिटर द्रव परत आला, पोटातलं गवती पिवळं पाणी लालसर झालं, इंजेक्शनचा असर तासाभरात उतरला, तर थांबण्यात अर्थ नाही. मोठ्या आतड्याला पुरता पीळ पडला, तर ते काही तासांत हातचं जातं. आणि नेमक्या त्याच तासांत कोणीतरी दुसरं इंजेक्शन देतं. घोडा शांत होतो, मालक निश्चिंत होतो, आत आतडं काळं पडत राहतं.

शस्त्रक्रियेत घोडा उताणा झोपवतात आणि बेंबीपासून पुढे मधल्या रेषेवर पोट उघडतात. आतड्याचं वेटोळं बाहेर येतं ते कधी जांभळं, कधी काळपट. पीळ सोडवायचा, कोमट सलाइनने भिजवायचं आणि वाट पाहायची. रंग गुलाबी होऊ लागला, बोटाने टिचकी मारल्यावर आतडं आकसलं, तर ते ठेवायचं; नाही तर कापून टोकं जोडायची. लहान आतड्याचा निम्म्याच्या आसपास भाग गेला, तरी घोडा जगू शकतो.

खरी कसोटी टाके घातल्यावर. माणूस शुद्धीवर आल्यावर पडून राहू शकतो. घोड्याला उभं राहावंच लागतं. गाद्या लावलेल्या खोलीत, डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून, भुलीत झोकांड्या खाणाऱ्या पाचशे किलोंना सावरायचं असतं. या धडपडीत पाय मोडला, तर आतली सगळी मेहनत वाया. पुढचे काही दिवस आतडं संपावर जाण्याची भीती, रक्तात विष भिनल्याने खुरांना सूज येण्याची भीती. म्हणून खुरांना बर्फ. मग मूठभर ओलं गवत, दर काही तासांनी. जखमेत पू झाला, तर हर्नियाचा धोका वाढतो. म्हणून पोटाला पट्टा. महिनाभर ठाणावर विश्रांती, हाताला धरून फिरवणं, पुढचा महिना छोट्या कुंपणात, आणि काम तीनेक महिन्यांनंतर. यातलं निम्म्याहून अधिक काम करतो तो सईस. पहिली लीद कधी पडली, हे आपल्याआधी त्याला कळतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: शस्त्रक्रियेचा निकाल बराचसा तबेल्यात लागतो, ती होण्याआधी आणि झाल्यानंतर. रेसच्या घोड्यामागे डॉक्टर, गाडी आणि पैसा उभा असतो. माथेरानला मोटारींना बंदी. दुखणाऱ्या पोटाने घोड्याला आधी गाड्या थांबतात त्या दस्तुरीपर्यंत चालावं लागतं, पुढे घाट आणि मुंबईचा रस्ता. वरातीच्या घोड्याच्या मालकाला खर्चाचा आकडा ऐकूनच घाम फुटतो. निर्णय लांबतो आणि आपण पोहोचतो वरातीमागून.

अधिवेशनासमोर तीन ठराव ठेवतो. एक, प्रत्येक तबेल्यात मराठी-हिंदी तक्ता लावावा: शेवटची लीद, पाणी, ठोके, आणि दुसऱ्या इंजेक्शनआधी फोन. दोन, परळच्या महाविद्यालयाला सईसांसाठी लहान प्रशिक्षणवर्ग घेण्याची विनंती करावी. प्रमाणपत्राबरोबर त्यांना मानधनही मिळावं. तीन, कष्टकरी घोड्यांच्या उपचारासाठी सामाईक निधी उभारावा; पहिली वर्गणी आपल्या सभासदांची. दुपारच्या चर्चेला काही सईस आले आहेत. त्यांना मागच्या रांगेत बसवू नका, आधी बोलू द्या.