पडद्यावरचे गुरुजी आणि वहीतली चूक



"सर, आमच्या मुलाच्या पालिका शाळेत गणिताला शिक्षक नाहीत, पण पडद्यावर शिकवतात. चालेल ना?" घाटकोपरच्या एका पालकांनी मला विचारलेला हा प्रश्न आज आपणापुढे ठेवतो.

दुरून शिकविणे आपल्या देशाला नवे नाही. 1975-76 मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने 6 राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोचले. 2004 मध्ये केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला. मुंबई महानगरपालिकेने 2011 मध्ये आपल्या शाळांत 'व्हर्च्युअल क्लासरूम' सुरू केले. स्टुडिओतील एक शिक्षक एकाच वेळी अनेक शाळांना शिकवितो आणि मुले त्याला प्रश्नही विचारू शकतात. ज्या उर्दू किंवा मराठी शाळेत विज्ञानाचा शिक्षक नाही, तेथे ही सोय निश्चितच उपकारक आहे.

परंतु हिशेब करून पाहा. 100 वर्ग जोडलेले असले आणि तास 35 मिनिटांचा असला, तर एका वर्गाच्या वाट्याला फार तर 21 सेकंद येतात. एखादा मुलगा 1/2 आणि 1/3 यांची बेरीज 2/5 अशी लिहितो. पडद्यावरचे गुरुजी 5/6 हे उत्तर सांगून पुढे जातात. मुलगा फळ्यावरचे उत्तर उतरवून घेतो. चूक मात्र त्याच्या डोक्यात तशीच राहते. ती पकडायला बाकाजवळ येऊन वही पाहणारा माणूसच हवा.

म्हणून माझे उत्तर असे : चालेल, पण शिक्षकाच्या जोडीला, शिक्षकाच्या जागी नव्हे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी साधारणपणे 30 मुलांमागे व सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. सहावीपासून गणित-विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक हवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असतात. मातांनो, ती खुर्ची रिकामी ठेवू नका. सभेत तीन प्रश्न विचारा : पडद्याच्या तासाला वर्गात कोण असते? वह्या कोण तपासते? रिक्त जागा कधी भरणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, पडदा सुरू असताना वही मिटू नका. जे समजले नाही त्यापुढे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना, नाहीतर वरच्या वर्गातील ताईला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि तुमच्यापैकी काहींनी तरी शिक्षक व्हावे. रिकामी जागा अखेर माणसानेच भरायची असते.