व्हेंटिलेटर घेण्याआधी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आठवणींचा कार्यक्रम रंगला आहे आणि जेवणाचा वासही आता इथपर्यंत येऊ लागला आहे. म्हणून मी आठवणी सांगत नाही. मला आपल्या वर्गणीबद्दल बोलायचे आहे. शाळेच्या नावाने तालुक्यातल्या सरकारी दवाखान्याला एक व्हेंटिलेटर भेट द्यावा, असे आपल्या ग्रुपवर ठरते आहे. पैसे जमा व्हायला लागले आहेत. कुणीतरी तीन कंपन्यांची माहितीपत्रके टाकली आणि खाली माझे नाव घेऊन लिहिले, "हे तुझ्या कामातले आहे, कोणता घ्यायचा ते सांग."

मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. दवाखान्यातल्या यंत्रांच्या आत जो प्रोग्राम चालतो तो तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. उपचार कोणते करायचे ते डॉक्टर सांगतील. यंत्र विश्वासाचे आहे की नाही हे कसे ओळखायचे, एवढेच मी सांगू शकते.

आधी आपल्याला हे यंत्र का हवे ते पाहू. मण्यार चावते ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. सूज नाही, फारसे दुखणे नाही. पण काही तासांत पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग श्वासाचे स्नायूच काम करेनासे होतात. माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, फक्त श्वास घेता येत नाही. त्याला बाहेरून श्वास देत राहिले आणि वेळेवर सर्पविषाची लस मिळाली, तर तो काही दिवसांनी चालत घरी जाऊ शकतो. दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याने सारा देश ऐकेल असे भोगले आहे. 2017 च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि मजूर यवतमाळ जिल्ह्यात दवाखान्यात दाखल झाले, वीसहून अधिक माणसे गेली. फवारणीच्या काही औषधांनी छातीत स्राव भरतो आणि स्नायू लुळे पडतात. कधी कधी सुधारलेला वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांनी पुन्हा श्वासाला कमी पडतो. अशा माणसालाही काही काळ उसना श्वास लागतो.

उसना श्वास देण्याचे दोन मार्ग आहेत. व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो. रक्तात ऑक्सिजन मिसळण्याचे काम मात्र रुग्णाच्या फुप्फुसालाच करावे लागते. फुप्फुस किंवा हृदय तेही करू शकत नसेल तर एक्मो लागते. 2020 मध्ये गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम चेन्नईला एक्मोवर होते, तेव्हा हा शब्द आपल्याकडेही पोचला. पैनगंगेच्या पलीकडून येणाऱ्या तेलुगू गाण्यांवर आपल्यातले कितीतरी जण वाढलेले आहेत. एक्मोत रक्त जाड नळीने शरीराबाहेर काढतात, पंपाने कृत्रिम फुप्फुसातून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. त्याचा पूर्वज म्हणजे हृदयशस्त्रक्रियेतले हार्ट-लंग मशीन. डॉ. जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात ते वापरून अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र बंद केले.

ग्रुपवर एकाने विचारले होते, "मग एक्मोच का नको?" त्याचे उत्तर एका ब्रिटिश अभ्यासात आहे. 'सीझर' नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसे निकामी होत आलेल्या 180 प्रौढ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आहे तिथेच नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला लेस्टर शहरातल्या एक्मो केंद्रात हलवायचे ठरले. सहा महिन्यांनंतर अपंगत्वाशिवाय जिवंत असलेल्यांचे प्रमाण केंद्राच्या गटात 63 टक्के आणि दुसऱ्यात 47 टक्के निघाले. आता यातली मेख पाहा. केंद्राच्या गटातल्या 90 पैकी प्रत्यक्ष एक्मो फक्त 68 जणांना लावले गेले. काही जण प्रवासाआधी किंवा प्रवासात गेले आणि काहींना तिथल्या अनुभवी हातांखाली एक्मोची गरजच पडली नाही. त्या अभ्यासाने एकट्या यंत्राला गुण दिले नाहीत. रुग्णाला हलवण्याचा निर्णय, गाडी, सोबतची माणसे आणि पोचल्यावरची देखभाल, या सगळ्यांना मिळून गुण दिले. आपल्या भेटीचे मोजमापही तसेच करावे लागेल.

आपल्या तालुक्यात एक्मो चालवणारी तुकडी उभी राहायला वेळ आहे. पण झरीहून यवतमाळला दोन-अडीच तास आणि नागपूरला तीन-चार तास एखाद्याचा श्वास चालू ठेवायचा, हा प्रश्न आजचा आहे. म्हणून माहितीपत्रकातली पडद्याची लांबी-रुंदी बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला मी सांगते ते पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न ऑक्सिजनचा. आठवीतले गणित आहे. रुग्णवाहिकेत चालतो तो बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असला तर त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. यंत्राला मिनिटाला 10 लिटर हवा लागते असे धरा. ती सगळी शुद्ध ऑक्सिजनची असेल तर सिलिंडर 150 मिनिटांत संपतो. म्हणजे अडीच तास. नागपूर अजून लांबच आहे! पण यंत्रात स्वतःची टर्बाइन असेल, ते बाहेरची हवा ओढून ऑक्सिजन मिसळत असेल आणि रुग्णाला 60 टक्के ऑक्सिजन पुरत असेल, तर सिलिंडरमधून मिनिटाला सुमारे 5 लिटरच जातात. तोच सिलिंडर पाच तास चालतो. तरी एकतृतीयांश साठा हाताशी राखूनच हिशेब करायचा. कोणते यंत्र किती ऑक्सिजन खाते, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

दुसरा प्रश्न बॅटरी आणि उन्हाचा. पत्रकात लिहिलेले बॅटरीचे तास नव्या बॅटरीचे आणि सोप्या सेटिंगचे असतात. दोन वर्षांनी किती राहतात आणि नवी बॅटरी केवढ्याला पडते, ते विचारा. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत वापराचे कमाल तापमान 40 अंश असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही त्याहून जास्त असते, मग उभ्या गाडीत काय होत असेल? हवा ओढणाऱ्या यंत्राचा फिल्टर कापसाच्या आणि कोळशाच्या धुळीत किती दिवसांनी बदलायचा, हेही त्यातच आले.

तिसरा प्रश्न रस्त्याचा, आणि हा माझ्या कामाचा. रुग्ण स्वतः श्वास घेऊ पाहतो तेव्हा नळीतल्या प्रवाहात बारीकसा बदल होतो. तो ओळखून यंत्र मदत करते. गाडी खड्ड्यातून गेली किंवा नळीत साचलेले पाणी हिंदकळले, की तसाच बदल दिसू शकतो आणि यंत्र नको असलेला श्वास देऊन मोकळे होते. टेबलावर हे कधीच दिसत नाही. रुग्णवाहिकेत वापरायच्या व्हेंटिलेटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक वेगळे आहे, ते यासाठीच. त्या मानकाचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहा.

चौथा प्रश्न गजराचा. नळी निसटली, तर किती सेकंदांत गजर होतो? चालत्या गाडीत तो ऐकू येतो का, दिवा दिसतो का? आणि उलटे, गरज नसताना किती वेळा वाजतो? उगीच वाजणारा गजर माणसे बंद करून टाकतात. मग खरा वाजायचा राहून जातो.

पाचवा प्रश्न माणसांचा. रात्री दोन वाजता हे यंत्र कोण लावणार? 2014 मध्ये आपल्या राज्यात 108 ची सेवा सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या. त्यातल्या 233 गाड्या व्हेंटिलेटरसारख्या प्रगत साधनांच्या आणि उरलेल्या 704 प्राथमिक साधनांच्या. प्राथमिक गाडीत आधार असतो तो हाताने दाबायच्या अंबू बॅगचा. तिला कमी लेखू नका. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबल्या आणि रुग्ण जगवले. आजच्या एक्मो यंत्राजवळसुद्धा पंप बंद पडला तर फिरवायला हाताचे हँडल ठेवलेले असते. आम्ही प्रोग्राम लिहिणारी माणसे त्या हँडलचा मान ठेवतो.

हे प्रश्न आधी विचारले नाहीत तर काय होते, ते आपल्या राज्याने पाहिले आहे. 2021 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे व्हेंटिलेटरचा विषय आला. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला 150 यंत्रे आली होती. तिथे आणि इतर रुग्णालयांत मिळून 113 वापरायला काढली, ती सदोष असल्याचे सांगण्यात आले. 37 अजून खोक्यातच होती. केंद्र सरकारची बाजू अशी, की दोष यंत्रात नसून वापरण्यात आहे. साथ ऐन भरात असताना यंत्र चांगले की वाईट हे न्यायालयात ठरवायची वेळ आली. असा वाद आपल्या भेटीच्या वाट्याला यायला नको. त्यासाठी खोके उघडतो त्याच दिवशी, जिथे वापरायचे तिथल्या ऑक्सिजनवर, जे वापरणार त्यांच्या हातून यंत्र तपासून कागदावर सह्या झाल्या पाहिजेत.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. पहिले, दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना आधी विचारू. त्यांना व्हेंटिलेटरपेक्षा मॉनिटर, सक्शन मशीन किंवा भरलेले जादा सिलिंडर अधिक लागत असतील तर तेच देऊ. दुसरे, जमलेल्या रकमेतली साधारण एकतृतीयांश बॅटरी, फिल्टर, नळ्या, दुरुस्ती आणि प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवू. यंत्रावर शाळेचे नाव कोरलेले असेल आणि ते तीन वर्षांत कपाटामागे गेलेले असेल, तर ते नाव वाचायला आपल्यालाच लाज वाटेल. तिसरे, पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून यंत्र एक दिवस मागून घेऊ. त्याला रबरी कृत्रिम फुप्फुस जोडू, गाडीत ठेवू आणि झरी ते पांढरकवडा, मग पुढे यवतमाळपर्यंत नेऊ. वाटेत एकदा नळी काढू, एकदा चार्जिंगची पिन काढू, एकदा सिलिंडर बंद करू. प्रत्येक वेळी काय झाले आणि किती सेकंदांत झाले ते वहीत लिहू. जो विक्रेता या फेरीला तयार होणार नाही, त्याचे पत्रक ग्रुपवरून काढून टाकू.

या फेरीला यंत्र कळणारी एक मी आहे. बाकी माणसे याच मंडपात बसलेली आहेत. मुकुटबनला कारखान्यात इलेक्ट्रिकलचे काम पाहणारे आहेत, 108 च्या गाडीवर काम केलेले आपले एक दादा आहेत, दोघी मैत्रिणी नर्स आहेत आणि पाटणकडचे जीपवाले मित्र तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखतात. मागच्या टेबलावर, हजेरीच्या वहीशेजारी, एक कोरी वही ठेवली आहे. जेवायला जाताना तिच्यात आपले नाव, काम आणि कोणता रविवार जमेल ते लिहून जा. सर, पहिले नाव तुमचे लिहिले तर बाकीचे आपोआप लिहितील, ही सवय तुम्हीच आम्हाला लावली आहे.