औषधाची ओळख रुग्णापर्यंत पोहोचू द्या



गावोगावी मेडिकल चालवणारे व्यवसायबंधू-भगिनी आणि औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक-विद्यार्थी यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. व्यवसायाच्या अडचणींवर पुढील सत्रांत सविस्तर चर्चा होणारच आहे. मी आज मुळाशी असलेला प्रश्न आपल्यापुढे मांडतो. औषध म्हणजे काय, आपण त्याचे वर्ग का पाडतो आणि त्या वर्गीकरणातले रुग्णाच्या हाती काय पडते?

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने औषधाची व्याख्या फार व्यापक केली आहे. रोग बरा करणारे, त्याची तीव्रता कमी करणारे, तो होऊ न देणारे आणि त्याचे निदान करण्यासाठी वापरले जाणारे, असे सगळेच पदार्थ तिच्यात येतात. माणसांची औषधे येतात, तशी जनावरांचीही येतात. अंगावर लावायचे डास पळवणारे मलम आणि कॅप्सूलचे रिकामे कवचसुद्धा कायद्याच्या दृष्टीने औषधच आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची नीट विभागणी केली नाही, तर ते ज्ञान वापरताच येणार नाही.

ही विभागणी आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत पन्नास महाकषाय सांगितले आहेत आणि प्रत्येकात दहा द्रव्ये आहेत. ज्वरहर, कासहर ही त्यांतल्या गटांची नावेच सांगतात की वर्गीकरण कार्यावरून केले आहे. आजचे औषधशास्त्रही उगम, रासायनिक रचना, शरीरातले कार्य आणि उपयोग अशा वेगवेगळ्या अंगांनी औषधांकडे पाहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एटीसी पद्धतीत औषध कोणत्या अवयवसंस्थेवर काम करते, यावरून चौदा मुख्य गट केले आहेत आणि एकूण पाच पायऱ्यांनी प्रत्येक औषधाला संकेतांक दिला आहे.

याच पद्धतीत ॲस्पिरिनला एकाहून अधिक जागा आहेत. वेदनाशामक म्हणून ते चेतासंस्थेच्या गटात येते, तर प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देणारे म्हणून रक्ताच्या गटात. रेणू तोच असतो. मात्रा आणि हेतू बदलतो. ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रेत ते दुखणे थांबवते. रोजच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचे काम रक्ताची गुठळी होऊ न देण्याचे आहे.

हा फरक काउंटरवर किती मोलाचा ठरतो, ते आपण सगळेच पाहतो. हृदयात स्टेंट बसवलेले काका येतात आणि चिठ्ठीतल्या एका नावावर बोट ठेवून म्हणतात, "ही नको. ही डोकेदुखीची आहे आणि माझं डोकं काही दुखत नाही." त्या वेळी आपण मुकाट्याने ती गोळी वगळली, तर काकांना पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. "काका, ही गोळी रक्त गोठू नये म्हणून आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका," एवढे एक वाक्य आपण बोललो, तर सारे वर्गीकरण सार्थकी लागते.

दुसरे उदाहरण पॅरासिटामॉलचे. ताईंना ताप आहे म्हणून त्या ६५० मिलिग्रॅमची गोळी नेतात. घरात सर्दीची गोळी असतेच आणि तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असते. त्यांच्या लेखी एक तापाची, एक सर्दीची. प्रत्यक्षात एकच औषध दोनदा पोटात जाते. मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा आहे. ती ओलांडली की यकृताला इजा होऊ शकते. रुग्ण औषध लक्षणावरून ओळखतो, आपण ते घटकावरून ओळखतो. हे अंतर मिटवणे हेच आपले काम आहे.

कायद्याचे वर्गीकरण याच कामासाठी आहे. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. शेड्यूल एक्सची औषधे कुलपात ठेवायची आणि चिठ्ठीची एक प्रत आपल्याकडे दोन वर्षे जपायची. २०१४ पासून लागू झालेल्या एच-वनमध्ये वरच्या श्रेणीची प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे आहेत. ती देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवायचे आणि ती वही तीन वर्षे सांभाळायची. ही वही तपासणीला येणाऱ्या निरीक्षकासाठी भरू नका. चिठ्ठीविना आणि अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे जंतू निबर होतात आणि ते केवळ त्या एका रुग्णापुरते राहत नाहीत.

झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही, हा समजही आपणच दूर करायला हवा. बिब्बा, बचनाग, धोत्रा, गुंज, कण्हेर ही द्रव्ये शेड्यूल ई-वनच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. ती असलेली औषधे पोटात घ्यायची, तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

मित्रहो, आता स्ट्रिपकडे पाहा. चार गोळ्या मागितल्या की आपण कात्रीने चार गोळ्या कापून देतो. नाव, बॅच नंबर आणि मुदत आपल्याकडच्या तुकड्यावर राहते. रुग्णाच्या हाती चंदेरी रंगाचा एक कोरा तुकडा जातो. त्या औषधाची सगळी ओळख त्या कात्रीने पुसली जाते. रात्री कुणाला अंगावर पित्त उठले, तर दवाखान्यात डॉक्टरांना काय दाखवायचे?

म्हणून या व्यासपीठावरून मी तीन गोष्टी मागतो. सुट्या गोळ्या देताना पाकिटावर औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि मुदत मराठीत लिहून द्या. ते औषध कशासाठी आहे आणि कशाबरोबर घ्यायचे नाही, हे प्रत्येकाला तोंडी सांगा. आणि अध्यापकांनो, विद्यार्थ्यांकडून ही माहिती गावच्या भाषेत समजावून देण्याचा सराव करून घ्या, त्याला प्रात्यक्षिकात गुण द्या. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. उद्या दुकान उघडल्यावर पहिल्या ग्राहकापासून आपण सुरुवात करू शकतो, आणि तसा ठराव या परिषदेने आजच करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.