कापलेला 'नाही'

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आज कर्जावर बोलायचं नाही, वीजबिलावरही नाही. आज टीव्हीवर बोलायचं आहे. आंदोलन म्हटलं की हल्ली पोलिसांच्या आधी कॅमेरा येतो आणि आपल्यातला जो पुढे उभा असेल त्याच्या तोंडापुढे माईक धरला जातो. तिथं आपण काय बोलतो आणि रात्री घराघरांत काय ऐकू जातं, यात किती अंतर पडतं ते मी भोगलेलं आहे.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झालंच होतं. तहसील कचेरीसमोर आपली माणसं बसली होती. एका वाहिनीचा बातमीदार आला. पोरगा चांगला होता, त्यानं मला दहा-अकरा मिनिटं बोलू दिलं. मी उत्पादन खर्च सांगितला, चाळीत सडणारा माल सांगितला. शेवटी त्यानं विचारलं, "पण शहरातल्या गरिबाचं काय?" मी म्हणालो, "गरिबाच्या ताटात कांदा नसला तरी चालेल, आम्हाला भाव मिळाला पाहिजे, असं आमचं म्हणणं कधीच नव्हतं."

रात्री मी पडद्यावर पाच-सहा सेकंद दिसलो. "गरिबाच्या ताटात कांदा नसला तरी चालेल, आम्हाला भाव मिळाला पाहिजे." बस्स. पुढं जाहिरात.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला दिलेली आहे. तिचा फोन आला, "दादा, असं कसं बोललास तू?" मी तिला पुरं वाक्य सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, पण मी तुला बोलताना पाहिलं ना."

आता यात खोटं काय होतं? एकही शब्द बाहेरून घातलेला नव्हता. आवाज माझा, चेहरा माझा. फक्त शेपूट कापलं. आपल्या मराठीची ठेवण अशी, की क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. वाक्य कुठं थांबवायचं हे ज्याच्या हातात, 'नाही' त्याच्या हातात. वर्तमानपत्रात अर्धं वाक्य छापलं तर वाचणाऱ्याला निदान शंका येते. टीव्हीवर माणूस बोलताना दिसतो, शंका कुणाला येणार?

जोड दिसू नये याचीही युक्ती आहे. बहुतेक वेळा कॅमेरा एकच असतो आणि तो आपल्यावर रोखलेला असतो. आपण गेल्यावर बातमीदाराचं मान डोलावणं किंवा प्रश्न विचारणं वेगळं टिपता येतं. उत्तराचे दोन तुकडे जोडायचे झाले, की सांध्यावर ते डोलणारं डोकं बसवायचं, नाहीतर गर्दीचं, बैलगाडीचं चित्र लावायचं. आवाज पुढं चालू राहतो, बघणाऱ्याला कळत नाही की इथं सात मिनिटं गळाली. ब्रिटनच्या 'फाइव्ह' वाहिनीनं २००७ मध्ये आपल्या बातम्यांतून असली खोटी मानडोलावणी बंद करायचं जाहीर केलं, यावरून ती किती सर्रास होती ते समजा.

छाटणी करूच नये असं नव्हे. अकरा मिनिटं कोण दाखवील? मातीचा नमुना आपणही अर्धा किलोच पाठवतो. पण तो शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन, माती मिसळून, चार भाग करत कमी केलेला असतो. शेणखताच्या ढिगाजवळची ओंजळभर माती पाठवली तरी प्रयोगशाळेचा अहवाल खराच येईल. पण तो ढिगाचा अहवाल असेल, शेताचा नव्हे.

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिकेत २३ फेब्रुवारी १९७१ ला सीबीएस वाहिनीनं 'द सेलिंग ऑफ द पेंटागॉन' हा कार्यक्रम दाखवला. लष्कर लोकांच्या पैशानं स्वतःचीच जाहिरात करतं, हा त्याचा आरोप, आणि मूळ मुद्दा रास्तच होता. पण त्यात संरक्षण खात्याचे प्रसिद्धीप्रमुख डॅनियल हेन्किन यांची मुलाखत कापून जोडली होती. लष्करात अमली पदार्थांचा आणि वर्णभेदाचा प्रश्न आहे, त्याबद्दल आम्हाला जाब विचारायचा लोकांना हक्क आहे, असं ते बोलले होते. ते गळालं, आणि दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरातला तुकडा तिथं चिकटवला गेला. एका कर्नलच्या भाषणातली ठिकठिकाणची वाक्यं तर सलग बोलल्यासारखी जोडली होती. त्यातलं एक लाओसच्या पंतप्रधानांचं होतं, कर्नल ते फक्त सांगत होता.

पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. काँग्रेसच्या समितीनं हुकूम काढला, की न दाखवलेलं सगळं चित्रण हजर करा. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी साफ नकार दिला. त्यांना दोषी धरावं हा प्रस्ताव १३ जुलै १९७१ ला प्रतिनिधी सभेनं २२६ विरुद्ध १८१ मतांनी समितीकडं परत पाठवला. मला विचाराल तर छाटणी चुकीची होती आणि नकार बरोबर होता. वाहिनीच्या हातातली कात्री काढून सरकारच्या हातात द्यायची मागणी आपण चुकूनही करू नये. ज्या सरकारनं एका रात्रीत निर्यात बंद केली, ते आपलं वाक्य पुरं होऊ देईल?

कधी शब्दाला हात न लावता नुसता क्रम बदलतो. इंग्लंडमध्ये १८ जून १९८४ ला ऑरग्रीव्ह इथं संपकरी खाणकामगार आणि पोलीस भिडले. त्या संध्याकाळी बीबीसीच्या बातमीत आधी कामगारांची दगडफेक आणि मग घोडेस्वार पोलिसांचा हल्ला असं दिसलं. कामगार सांगत होते, घोडे आधी आले. क्रमात चूक झाली, पण ती घाईत, अनवधानानं झाली, असं बीबीसीनं नंतर कबूल केलं. असेलही तसं. दरम्यान ९५ कामगारांवर दंगलीसारखे आरोप ठेवले गेले. १९८५ मध्ये खटला कोसळला, पण ब्रिटिश सरकारला चौकशी जाहीर करायला जुलै २०२५ उजाडला.

म्हणून तालुक्यांना माझी विनंती. कॅमेऱ्यापुढं जाणाऱ्यानं आपलं एकच वाक्य आधी ठरवावं, तोडायला जागा राहणार नाही इतकं आखूड. प्रश्न उत्तरातच घ्यावा, म्हणजे प्रश्न कापला तरी उत्तर उघडं पडत नाही. आणि विरोधकाचं म्हणणं खोडून काढायलासुद्धा आपल्या तोंडानं उच्चारू नये. मी तेच केलं आणि फसलो. 'नाही' वाक्याच्या सुरुवातीला आणून भागत नाही, कात्री तिथंही चालते. "शहरातल्या गरिबाला कांदा मिळालाच पाहिजे, त्याची किंमत सरकारनं द्यावी," एवढंच मी बोललो असतो तर कापायला काय उरलं असतं?

दुसरं, बोलणाऱ्याच्या शेजारी आपला एक पोरगा मोबाईल धरून उभा पाहिजे, बातमीदाराला दिसेल असा. चित्रण पहिल्या प्रश्नापासून माणूस निघून जाईपर्यंत सलग हवं. त्यावर तारीख घालून ते तालुका कचेरीत ठेवावं. आपणही त्यातला सोयीचा तुकडा फिरवायचा नाही, मागेल त्याला सगळं द्यायचं. माझ्या त्या अकरा मिनिटांचं चित्रण कुणाकडंच नाही. वाहिनीकडं मागितलं तर पुसलं गेल्याचं कळलं. मोबाईल धरणाऱ्यांची नावं प्रत्येक तालुक्यानं आज जेवणाच्या सुट्टीआधी चिठ्ठीवर लिहून माझ्याकडं द्यावीत.