धाव आणि धीर
(नाकाडोंगरी येथे युवक-युवतींसमोर केलेले भाषण)



पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, हे आपण जाणताच. तयारीस लागलेले अनेकजण आठवड्याभरात मैदान सोडतात. पाय थकतात म्हणून नव्हे. पहिल्याच दिवशी संपूर्ण अंतर वेगाने धावण्याचा हट्ट धरतात आणि दम लागताच ‘हे आपले काम नव्हे’ असे ठरवून मोकळे होतात. मीही चाळिशीनंतर धावू लागलो, तेव्हा मिनिटभरातच बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून थांबलो होतो!

एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. असे आठ वेळा, एक दिवसाआड. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग असावा. मधले चालणे ही हार नव्हे, तो कार्यक्रमाचाच भाग आहे. पुरा केलेला प्रत्येक दिवस वहीत नोंदवावा. मन कच्चे होईल त्या दिवशी ती वही उघडावी.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर स्पर्धात्मक धावण्याकडे वळले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्यांनी मिळविले. सुवर्ण केवळ ०.०५ सेकंदाने हुकले.

आणखी एक. आपला परिसर जंगलाचा आहे. उजाडल्यावरच निघावे, आणि एकट्याने निघू नये.