बेटांच्या कमानी आणि हॅरी हेस
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत लेखनिक, पदवी कला शाखेची. अशा माणसाने समुद्रतळाच्या शास्त्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल, म्हणून आधी कारण सांगतो. अकरावीला मी विज्ञान शाखेत होतो. एका विषयात नापास झालो, तेव्हा एक शिक्षक म्हणाले, "हा तुझा प्रांत नव्हे." मी ते खरे मानले आणि शाखा बदलली. पुढे वाचनाच्या नादात हॅरी हेस या अमेरिकन भूशास्त्रज्ञाची हकीगत वाचली. येल विद्यापीठात खनिजशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत ते नापास झाले होते आणि त्यांनाही "या विषयात तुला भवितव्य नाही" असे सांगण्यात आले होते, असे सांगतात. फरक एवढाच, की त्यांनी ते खरे मानले नाही.

मित्रांनो, घरी गेल्यावर नकाशा उघडा. जपान, मारियाना, इंडोनेशिया, वेस्ट इंडीज येथील बेटे कशीही विखुरलेली नाहीत. ती धनुष्यासारख्या कमानीत मांडलेली आहेत. कमानीच्या बाहेरच्या अंगाला समुद्रात खोल गर्ता असते आणि कमानीवर ज्वालामुखी असतात. आपल्या देशातही अशी एक कमान आहे, ती म्हणजे अंदमान-निकोबार. ही मांडणी कशामुळे झाली, हा प्रश्न हेस यांनी उमेदीच्या काळात हाती घेतला.

गर्तेवर गुरुत्वाकर्षण किती आहे हे मोजायचे, तर मोठी अडचण होती. मोजणीचे यंत्र लंबकाचे, आणि लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात लंबक काय कामाचा? डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेस यांनी तोड काढली. पाणबुडीत बसून लाटांच्या खाली जायचे आणि तेथे मोजायचे. जावा बेटाजवळच्या गर्तेवर गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरते, हे त्यांनी दाखवले. 1932 साली वेस्ट इंडीजच्या मोहिमेत पंचविशीतले हेस त्यांच्यासोबत पाणबुडीत होते. तेथेही तोच प्रकार आढळला. म्हणजे गर्तेखाली भूकवचाला काहीतरी खाली ओढून धरत होते. काय ते मात्र कळेना.

पुढे दुसरे महायुद्ध आले. हेस नौदलाच्या राखीव दलात होते, त्यांना बोलावणे आले. पॅसिफिक महासागरात 'केप जॉन्सन' या सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजावर ते अधिकारी झाले. जहाजावर पाण्याची खोली मोजणारे प्रतिध्वनी यंत्र होते. ते किनाऱ्याजवळ लागायचे. पण हेस यांनी भर समुद्रातही ते चालू ठेवले. काम लढाईचे, पण डोक्यातला प्रश्न जागा होता. त्या नोंदींतून आणि नौदलाच्या इतर नोंदींतून समुद्राखाली सपाट माथ्याचे दीडशेहून अधिक डोंगर उजेडात आले. माथे लाटांनी कापल्यासारखे सपाट, पण आता हजार-दीड हजार मीटर पाण्याखाली!

1946 साली हेस यांनी मत मांडले, की ही अतिप्राचीन बुडालेली बेटे असावीत. पण 1950 च्या मोहिमेत त्या माथ्यांवरून जीवाश्म वर काढले गेले. ते सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे निघाले, म्हणजे हेस यांच्या अंदाजापेक्षा फारच अलीकडचे. त्यांचे मत खोटे ठरले. अशा वेळी पुष्कळ विद्वान जुने मत धरून बसतात. हेस यांनी ते सोडून दिले आणि सगळा हिशेब नव्याने मांडला.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आम्ही घरी जात नाही. समुद्रतळाचाही हिशेब जुळत नव्हता. कोट्यवधी वर्षे गाळ साचत असेल, तर तळावर तो इतका पातळ का? हेस यांनी 1960 साली लिहून सहकाऱ्यांत वाटलेला आणि 1962 साली प्रसिद्ध झालेला निबंध त्याचे उत्तर देतो. महासागरातील लांबलचक पर्वतरांगांपाशी पृथ्वीच्या पोटातून नवा तळ तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकत जातो आणि गर्तेपाशी पुन्हा पोटात जातो. पर्वतरांगेपाशी जमा, गर्तेपाशी नावे! तळ सतत नवा होत असतो, म्हणून गाळ थोडा. सपाट माथ्याचे डोंगरही त्या सरकत्या तळावर बसून खोल पाण्याकडे जातात. आपल्या या निबंधाला हेस यांनी स्वतःच 'भूशास्त्रातले काव्य' म्हटले, म्हणजे सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध म्हणून खपवली नाही. सागरी भूकवचाच्या खडकाबद्दलचा त्यांचा अंदाज पुढे टिकलाही नाही. पण 1963 साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला आणि मूळ कल्पनेला आधार मिळत गेला.

जपानचे वादाती यांनी त्याआधीच दाखवले होते, की गर्तेपासून खंडाकडे जावे तसे भूकंप अधिकाधिक खोलवर होतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्याचा उलगडा झाला. ती तिरपी रेषा म्हणजे खाली शिरणारा तळच. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो त्या जागेला सबडक्शन झोन म्हणतात. खाली गेलेल्या खडकातून पाणी सुटते, त्यामुळे वरचा तप्त खडक कमी तापमानाला वितळतो आणि ज्वालामुखीच्या वाटे बाहेर येतो. बेटांची कमान उभी राहते ती अशी.

आपल्या अंदमानची मुख्य बेटे म्हणजे त्या घासाघाशीत वर ढकलले गेलेले गाळाचे आणि समुद्रतळाचे खडक. त्यांच्या पूर्वेचे बॅरन बेट मात्र खरा ज्वालामुखी आहे. दीर्घ शांततेनंतर 1991 साली तो पुन्हा जागा झाला. या पट्ट्यात भूपट्ट एकमेकांत अडकतात, ताण वर्षानुवर्षे साचतो आणि एके दिवशी सुटतो. 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे 1300 किलोमीटर लांबीचा पट्टा असा सुटला. त्या त्सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसे गेली. निकोबारचे इंदिरा पॉइंट खचले आणि तेथील दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. आपण मुंबईकरांनीही निर्धास्त राहू नये. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरान किनाऱ्यावरील अशाच पट्ट्यात भूकंप झाला आणि त्याच्या लाटांनी मुंबईतही माणसे ओढून नेली. 2007 पासून हैदराबादेत त्सुनामी इशारा केंद्र काम करीत आहे. भूपट्ट कोठे खाली शिरतो हे कळले, म्हणूनच नजर कोठे ठेवायची हे कळते. भूकंप नेमका कधी होईल, हे मात्र आजही सांगता येत नाही.

हेस 1969 साली वारले, तेही शास्त्रज्ञांच्या एका बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवीत असताना. विद्यार्थी मित्रांनो, एका परीक्षेतील अपयश म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे. ही चूक मी केली, तुम्ही करू नका. आणि पुढे यश मिळाले, तरी पुरावा समोर आल्यावर "माझे चुकले" म्हणायला कचरू नका. पालकांना एवढीच विनंती, की नापास झालेल्या मुलाला "हा तुझा प्रांत नव्हे" असे म्हणू नका. त्याला पुस्तक पुन्हा उघडून द्या.