घरगुती जेल कां बिघडतें ?



सोलापूर हें मागांचें शहर. ताण्यास खळ लावणाऱ्या घरांत दोन गोष्टी कोणी न शिकवतां कळतात: खळीचा दाटपणा सहज मोडतो, आणि उन्हाळ्यांत खळ लौकर आंबते. अंगास लावण्याच्या घरगुती जेलासही हेच दोन नियम लागू आहेत. येथील उन्हाळा ४० अंशांच्या पुढें जातो व तेलकट मलम नकोसें होतें. म्हणून परसांतील कोरफड, गुलाबपाणी, ग्लिसरीन आणि दाटपणा आणणारी एखादी पूड एकत्र करून जेल करण्याची हौस अनेकांस असते. तें साधलें नाहीं कीं दोष हाताचा मानला जातो. वास्तविक तो बहुधा दोन द्रव्यांच्या न पटण्याचा असतो.

प्रथम पातळ होण्याविषयीं. कार्बोमर नांवाची पूड पाण्यांत भिजवून तींत थोडें अल्कली घातलें, कीं तिच्या लांब साखळ्यांवर एकाच जातीचे विद्युद्भार उत्पन्न होतात. त्या परस्परांस दूर लोटून फुगतात आणि पाणी दाटतें. क्षार पडला कीं हें लोटणें मंदावतें व साखळ्या आखडतात. कार्बोमर असलेल्या विकतच्या जेलावर चिमूटभर मीठ टाकून पाहावें. पाहतां पाहतां त्याचें पाणी होऊं लागतें. कोरफडीच्या ताज्या गरांत क्षार असतात व आम्लही असतें. विंधनविहिरीच्या जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम असतात. तेव्हां अशा संगतींत कार्बोमर खचल्यास नवल नाहीं. तेथें पूड वाढविण्यापेक्षां पूडच बदलणें शहाणपणाचें. झँथन गोंद क्षार व आम्ल दोन्ही बरेच सोसतो. १०० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यास सुमारें १ ग्रॅम गोंद पुरतो. मात्र तो आधीं ग्लिसरिनांत कालवावा, नाहीं तर गुठळ्या होतात.

हा दोष डोळ्यांस दिसतो. दुसरा दिसत नाहीं, म्हणून तो अधिक घातक. जेथें पाणी तेथें जंतु. म्हणून कित्येक जण सोडियम बेंझोएट घालतात. परंतु जंतूंस रोखतें तें त्यापासून आम्लांत सुटणारें बेंझोइक आम्ल. पी. एच. ४.२ असतां त्याचा निम्मा भाग या कार्यक्षम रूपांत असतो, ६.२ असतां शंभरांत जेमतेम एक. आणि कार्बोमर तर दाटतो सहा-सातच्या सुमारास! म्हणजे जेलास जें मानवतें तेंच रक्षकास मारक ठरतें. पातळ झालेलें जेल अल्कली घालून पुन्हां दाट केलें, तर तें सुंदर दिसेल, पण अरक्षित होईल. झँथन गोंद मात्र साडेचारच्या सुमारासही टिकतो. तेथेंही क्रम संभाळावा: बेंझोएट भरपूर पाण्यांत पूर्ण विरघळल्यावर लिंबूसत्त्वाचें पातळ द्रावण थेंबाथेंबानें घालावें, एकदम ओतल्यास पांढरे कण खालीं बसतात.

खळीस बुरशी येऊं नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत होती. सुतास जें चालतें तें त्वचेस चालत नाहीं; तो मार्ग येथें सर्वस्वी वर्ज्य. बेंझोएटही जिवाणूंपेक्षां बुरशीवर अधिक चालतें, त्यावर संपूर्ण भिस्त ठेवूं नये. ताज्या कोरफडीचें जेल थोडेंच करावें, शीतकपाटांत ठेवावें, आणि चार-सहा दिवसांत संपवावें. पान कापल्यावर येणारा पिवळा चीक, ज्याचा काळाबोळ होतो, तो आधीं निथळूं द्यावा. त्यानें त्वचा चुरचुरते.

दोष शोधावयाचा तर एका वेळीं एकच द्रव्य बदलावें. साध्या जेलाच्या चार वाट्या घ्याव्या. पहिली तशीच ठेवावी, उरलेल्या तिहींत एकेक द्रव्य घालून एक दिवस ठेवावें, आणि वजन, क्रम व पी. एच. कागदाचा रंग वहींत टिपावा. जी वाटी खचली, तिच्यांतील द्रव्य जुळत नाहीं हें उघड होतें. वास, रंग वा गढूळपणा बदलला तर जेल टाकून द्यावें. परंतु बदल दिसला नाहीं म्हणून तें निर्दोष आहे, असें मानूं नये. दाटपणा डोळ्यांस कळतो, निर्जंतुकता कळत नाहीं. डोळ्यांजवळ वा जखमेवर घरचें जेल न लावण्याचें कारण हेंच.